रोहू-मृगळासाठी पहिल्यांदा गळ टाकताय? आधी कणीक नीट मळा

महागडं रीळ राहू द्या. साधी काठी, ०.३० मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोरा), ६ किंवा ८ नंबरचा गळ आणि हलकी तरंगणी एवढ्यावर सुरुवात होते. सगळा खेळ आमिषाचा.

दोन वाट्या शेंगदाणा पेंडीची पूड, एक वाटी कणीक. पाणी चमच्याचमच्यानेच घाला. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा आणि कापसाचे चार तंतू मिसळा, म्हणजे गोळी गळावरून सुटत नाही. बोराएवढी गोळी गळावर लावून बादलीत सोडून बघा: दहा मिनिटांत विरघळली तर कणीक वाढवा, दगडासारखी राहिली तर पेंड.

मृगळ तळाशी चरतो, रोहू मध्यावर, कटला वरच्या थरात. मृगळासाठी आमिष तळाला टेकलेलं हवं, म्हणून आधी तंगुसाला नुसतं शिशाचं वजन बांधून सोडा आणि खोली मोजा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- मासे जमवायला पाण्यात चारा जास्त टाकतात. लिंबाएवढे चार-पाच गोळे एकाच जागी पुरेत. पोट भरलेला मासा गळाकडे कशाला येईल?
- तरंगणी थरथरली की हिसका देतात. हे मासे आमिष चोखून बघतात. तरंगणी बुडू द्या किंवा सरळ रेषेत सरकू द्या, मग मनगटाने उचला.
- रीळ असेल तर त्याचा ब्रेक आवळून ठेवतात, तंगूस सुटतच नाही. मोठा रोहू पहिल्याच धावेत तंगूस तोडतो.
- दर पाच मिनिटांनी जागा बदलतात. अर्धा तास तरी बसा हो!

धरणावर मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, परवानगी आधी विचारा. पावसाळा विणीचा, तेव्हा गळ घरीच.