वर्गात आघात सोसलेली मुलं आहेत. भावनिक शिक्षण कुठून सुरू करावं?

भावनांचे तक्ते नंतर. आधी दिवसाचा क्रम रोज फळ्यावर एकाच जागी लिहा आणि बदल असेल तर सकाळीच सांगा. पुढे काय होणार हे माहीत असलं की धास्तावलेलं मूल बरंच सावरतं.

हजेरीनंतर पाच मिनिटं, 'आज कसं वाटतंय' हे मुलांनी चारपैकी एका रंगाच्या कार्डावर बोट ठेवून सांगावं. बोलायची सक्ती नको. बिघडतं ते इथेच: 'सर्वांत दुःखाचा प्रसंग' असा निबंध दिला जातो, नाहीतर सगळ्यांना डोळे मिटून बसवलं जातं. मार खाल्लेल्या मुलाला डोळे मिटण्याचीच भीती वाटू शकते. नजर जमिनीकडे, तळवे बाकावर, श्वास सावकाश सोडायचा, एवढं पुरे.

मूल भडकलं तर त्या क्षणी समजावू नका, ते ऐकण्याच्या अवस्थेत नसतं. आवाज खाली, दोन हात अंतर, दाराची वाट मोकळी. बोलणं शांत झाल्यावर, तेही एकट्याशी.

लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर शाळेत उलटतपासणी मुळीच नको. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकावरही मदत मिळते.