लीड ट्रम्पेटसाठी 4,200 डॉलर: आत्ताच, की कार्ड फेडून झाल्यावर?

न्यू जर्सीत राहणारे आपण एका हौशी बिग बँडमध्ये (जॅझ वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदात) तिसरा ट्रम्पेट वाजवता आणि सप्टेंबरपासून आपल्याला लीडची, म्हणजे ट्रम्पेटवाल्यांच्या म्होरक्याची, जागा मिळणार आहे. आपल्याकडे जुन्या बाजारातून घेतलेला बाख कंपनीचा स्ट्रॅडिव्हेरियस 37 ट्रम्पेट आहे. लीडसाठी मात्र नामवंत लीड ट्रम्पेटवादक वेन बर्जेरॉन यांच्या सहकार्याने तयार झालेला यामाहाचा नवा ट्रम्पेट 4,200 डॉलरला, दुकानाच्या 18 महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावा, असे आपल्या मनात आहे. आपल्याच पत्रानुसार घरखर्च महिन्याला 4,800 डॉलर, बचत 5,500, क्रेडिट कार्डावर 22 टक्क्यांनी 2,800 डॉलर थकलेले आणि महिनाअखेर हाती उरतात सुमारे 700.

माझे मत स्पष्ट आहे: नवा ट्रम्पेट आत्ता घेऊ नये. लीडची जागा मात्र अवश्य स्वीकारावी, आणि तिच्यासाठी थोडा खर्चही आत्ताच करावा.

आधी हप्त्यांविषयी. न्यू जर्सीचा 6.625 टक्के विक्रीकर धरला की किंमत 4,478 डॉलर होते, म्हणजे महिन्याला सुमारे 249. हा हप्ता आपल्याला जड नाही. धोका अटींमध्ये आहे. आपण पाठवलेल्या कागदात हे व्याज माफ केलेले नसून पुढे ढकललेले आहे, आणि दर 29.99 टक्के आहे. अठराव्या महिन्याच्या शेवटी शंभर डॉलर जरी बाकी राहिले, तरी खरेदीच्या दिवसापासूनचे सगळे व्याज, म्हणजे सुमारे हजार डॉलर, एकदम अंगावर येईल. शिवाय आजही कार्डाच्या थकबाकीवर आपण दरमहा पन्नासेक डॉलर व्याज भरतच आहात, आणि आपली बचत सव्वा महिन्याच्या खर्चालाही पुरणार नाही एवढीच आहे.

आता वाद्याविषयी, कारण खरा निर्णय तिथेच होतो. बिग बँडच्या चार ट्रम्पेटांत लीड सर्वांत वरचे सूर वाजवतो हे खरे, पण त्याचे मुख्य काम वाक्य कुठे तोडायचे, सूर किती लांबवायचा आणि ठोका कुठे पडायचा हे ठरवून साऱ्या सेक्शनला सोबत नेणे हे असते. काउंट बेसी आणि पुढे थॅड जोन्स–मेल लुइस यांच्या बँडमध्ये लीड वाजवणाऱ्या स्नूकी यंग यांची ख्याती याच कामाची होती. ही जाण वाद्याबरोबर विकत मिळत नाही. वरच्या सुरांचे म्हणाल, तर नळीचा व्यास लहान असला की वर जाणे सोपे, हा समजही फारसा टिकत नाही: बाख 37 चा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, .459 इंच आहे, तर अतिउंच सुरांसाठी गाजलेले जॅझ ट्रम्पेटवादक मेनार्ड फर्ग्युसन यांच्या नावाने हॉल्टनने काढलेल्या ट्रम्पेटचा .468 होता, आणि फर्ग्युसन किती वर वाजवत हे आपल्याला सांगायला नको. आपल्या हातातले वाद्य व्यावसायिक दर्जाचेच आहे.

फरक लवकर जाणवतो तो माउथपीसमध्ये, म्हणजे ओठ टेकवून फुंकायच्या वाटीसारख्या (कपाच्या) सुट्या भागात. आपण बाख 3सी वापरता. दोन-अडीच तास वरच्या पट्टीत वाजवायचे तर शिल्के 14ए4ए सारखा उथळ कपाचा माउथपीस आवाजाला धार देतो आणि ओठांची शक्ती वाचवतो. काहींचे ओठ मात्र एवढ्या उथळ कपात तळाला टेकतात, म्हणून परत करण्याची मुभा देणाऱ्या दुकानातून दोन-तीन वेगवेगळ्या खोलीचे आणून पाहावेत. त्याबरोबर वाद्याची आतून रासायनिक सफाई, व्हॉल्व्हची (सूर बदलण्यासाठी बोटांनी दाबायच्या दट्ट्यांची) तपासणी आणि लीड वाजवणाऱ्या एखाद्या जाणकाराकडे काही तास शिकवणी, या सगळ्यासाठी मी 600 डॉलर मंजूर करेन आणि ते याच महिन्याच्या शिलकीतून द्यावेत.

पुढच्या महिन्यापासून उरणारी सगळी रक्कम कार्डावर भरली, तर पाचव्या महिन्यात ते निल होईल. मग 700 पैकी निम्मे बचतीत आणि निम्मे ट्रम्पेटसाठी बाजूला ठेवावेत. सातेक महिन्यांत अडीच हजारांच्या आसपास जमतील, आणि तेवढ्यात चांगला वापरलेला व्यावसायिक ट्रम्पेट शोधता येईल. नव्या वाद्याची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते. वापरलेल्याची ती उतरण आधीच्या मालकाने सोसलेली असते.

वापरलेले वाद्य पाहताना ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवण्यासाठी सरकवायची नळी) काढून लीडपाइपमध्ये, म्हणजे माउथपीस बसतो त्या पहिल्या नळीत, उजेडाच्या दिशेने पाहावे. आत गुलाबी-लालसर डाग असतील तर पितळातले जस्त झडू लागले आहे. पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकती नळी), व्हॉल्व्ह न दाबता, थोडी बाहेर ओढावी आणि मग व्हॉल्व्ह दाबावा. ‘फट्’ असा आवाज आला नाही तर व्हॉल्व्ह गळतो आहे. मुख्य म्हणजे दुकानातल्या पहिल्या दहा मिनिटांवर विसंबू नये. वाद्य तालमीला न्यावे, आपल्याच बँडची लीडची पाने त्यावर वाजवावीत, आणि ओठ थकल्यावर शेवटच्या तासात वरचा सी जागेवर बसतो का, हे शेजारच्या दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याला विचारावे.

कार्यक्रमामागे मिळणारे 75 डॉलर हे करपात्र उत्पन्न आहे, पण आपले वादन कायद्याच्या दृष्टीने छंद ठरत असेल तर ट्रम्पेटचा खर्च केंद्रीय करातून वजा होत नाही. तेव्हा करसवलतीच्या आशेने खरेदी करू नये. पैसे घेऊन वाजवत असल्यामुळे घराच्या विम्यात वाद्य धरले जाते का, हेही विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे.

माझे मत एकाच परिस्थितीत बदलेल. तपासणीत आपल्या बाखचे व्हॉल्व्ह झिजलेले निघाले आणि दुरुस्तीचा अंदाज त्याच्या विक्रीमूल्याच्या निम्म्याहून अधिक आला, तर वापरलेल्या ट्रम्पेटची खरेदी कार्ड फिटण्याच्या आधी, बचतीतून दोन हजारांपर्यंत काढून, करायला माझी हरकत नाही. त्या वेळीही हप्त्यांच्या कागदावर सही करू नये.