लिनफेनला जाताय? हिवाळ्यात पहाटे धावू नका

चीनच्या शान्शी प्रांतातल्या लिनफेनला नोकरीसाठी निघालेल्यांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाच लिहितो. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. हवामान माझा विषय नाही, पण त्याची दखल घेतल्याशिवाय दम्याचा सल्ला देता येत नाही.

गाव डोंगरांच्या मधोमध आहे. हवा चांगलीच असणार ना?

नाही. खालचं उत्तर वाचा.

मुलगा नोव्हेंबरात जातोय. लहानपणी दमा होता. रोज पहाटे पाचला धावतो. पहाटेची हवा शुद्धच असते, मग चालू ठेवू दे ना?

हे 'शुद्ध' ऐकून माझे कान किटले आहेत. लिनफेन फेन नदीच्या लांबट खोऱ्यात वसलंय, पश्चिमेला ल्युलियांगच्या रांगा, पूर्वेला तायय्वे. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते. गार, जड हवा उतारांवरून घरंगळत तळाशी साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. एरवी वर जावं तसं गार होत जातं, इथे उलटं. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा धूर खालीच कोंडतो. आणि धूर भरपूर, कारण हा कोळशाचा मुलूख: कोकच्या भट्ट्या, पोलाद कारखाने, शिवाय साधारण 15 नोव्हेंबर ते 15 मार्च घरं तापवण्याचा हंगाम. जानेवारी 2017मध्ये इथल्या सल्फर डायऑक्साइडने (कोळसा जळताना निघणारा वायू) काही तास घनमीटरला 1000 मायक्रोग्रॅमचा आकडा ओलांडला होता. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा 40 आहे! त्यानंतर घरगुती कोळसा बराच हटवला गेला, हवा सुधारली. खोरं मात्र तिथेच आहे.

ऊन चढलं की झाकण हळूहळू उचललं जातं. म्हणजे पहाटे पाच ही सगळ्यात वाईट वेळ, त्यात धावताना माणूस कितीतरी पट जास्त हवा ओढतो. (पुण्यात थंडीत टेकडीवरून खाली शहरावर धुरकट पट्टा दिसतो ना, तीच गोष्ट.) धावायचंच तर दुपारी, तेही त्या वेळचा प्रदूषणाचा आकडा पाहून. आणि 'लहानपणी होता' म्हणजे दमा गेला असं समजू नका. निघण्याआधी स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुफ्फुसांची ताकद मोजायची चाचणी) करून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांकडून औषधं लिहून घ्या.

मग कोणते महिने बरे?

जुलै-ऑगस्ट, पाऊस काजळी धुऊन नेतो. वसंतात गोबी वाळवंटाकडची धूळ येते. उन्हाळ्यात कडक उन्हात दुपारी जमिनीलगत ओझोन हा फुफ्फुसांना त्रास देणारा वायू वाढतो, तेव्हा मात्र सकाळीच फिरा.

ॲपवर हवेचा निर्देशांक (एक्यूआय) 100 म्हणजे आपल्याकडचे 100च ना?

नाही. पीएम 2.5साठी (हवेतले अतिसूक्ष्म कण) भारताच्या मोजणीत 100 म्हणजे 60 मायक्रोग्रॅम, चीनच्या 2012च्या प्रमाणकात 75, अमेरिकी मोजणीत 35च्या आसपास. निर्देशांक सोडा, मायक्रोग्रॅम बघा.

तिथले सरकारी आकडे खोटे असतात म्हणे?

'म्हणे'ला मी उत्तर देत नाही. घडलंय ते सांगतो: याच शहरात सहा मोजणी केंद्रांवर यंत्रांची तोंडं बुजवणं, पाणी फवारणं असले उद्योग झाले आणि 2018मध्ये शहराच्या माजी पर्यावरणप्रमुखासह 16 जणांना शिक्षा झाली. तेव्हा आकडा चांगला दिसला तरी दम लागत असेल तर डॉक्टर गाठा.

आयन सोडणारा प्युरिफायर घेऊ का? सोबत फुफ्फुसं साफ करणारा काढाही मिळतोय.

दोन्ही नको. असली काही यंत्रं स्वतःच ओझोन सोडतात. खोलीच्या मापाचा, हेपा फिल्टरवाला (बारीक कण अडवणारी जाळी) साधा प्युरिफायर पुरे. काढ्याने फुफ्फुसं साफ होत नाहीत, खिसा होतो.

मास्क की रुमाल?

चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95. तो कण अडवतो, वायू नाही.

मी तिथेच आहे. तीन आठवडे खोकला आहे, रात्री छातीत शिट्टी वाजते. दोन महिन्यांनी सुट्टीत आल्यावर दाखवलं तर चालेल का?

तीन आठवडे थांबलात तेच जास्त झालं. उद्याच तिथल्या रुग्णालयात जा, छातीचा एक्स-रे काढा आणि पफ (इनहेलर) चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका.