खाली पाणी आहे तरी माती कोरडी? वात आणि माती तपासा

घरी केलेल्या, स्वतःच पाणी ओढून घेणाऱ्या कुंड्यांबद्दल तुमच्या दोन तक्रारी आहेत. अशा कुंडीत वर माती आणि खाली पाण्याची टाकी असते, आणि मधली वात, म्हणजे दोरी किंवा कापडाची पट्टी, पाणी वर मातीत ओढते. बाटली कापून केलेल्या कुंडीत खाली पाणी असूनही पुदिन्याची माती कोरडी पडली, आणि मोठ्या डब्यातल्या मिरचीची माती मात्र कायम चिंब, पानं पिवळी. दोन्ही भांडी चांगली आहेत, टाकू नका. दुरुस्ती वातीत आणि मातीत करायची आहे.

आधी पुदिना. तुम्ही सुती दोरी वापरली आहे. ती सुरुवातीला झकास पाणी ओढते, पण सतत ओली राहिली की कुजून बुळबुळीत होते आणि मग काम थांबतं. त्याऐवजी जुन्या पॉलिस्टर टी-शर्टची पट्टी किंवा ॲक्रिलिक लोकरीचे चार-पाच पदर घ्या. साबणाच्या गरम पाण्यात आधी धुवा, कारण नव्या धाग्यावरच्या तेलकट लेपामुळे पाणी चढत नाही. मग एक टोक पाण्यात बुडवून वात उभी धरा. थोड्या वेळात ओल बोट-दोन बोटं वर सरकताना दिसली, तरच ती वात कुंडीत घाला.

उलट्या बसवलेल्या बाटलीच्या बुचाचं भोकही बघा. वात त्यातून सैल सरकली पाहिजे. भोकात आवळली गेली की पाणी तिथेच अडतं. खालचं टोक बाटलीच्या तळाला टेकू द्या आणि वरचं मातीत निम्म्या उंचीपर्यंत नेऊन पदर फाकवा. यानंतरची पायरी बरेच जण गाळतात: पहिलं पाणी वरूनच, माती पूर्ण भिजेपर्यंत घाला. मातीच्या कणांमध्ये ओल सलग असेल तरच केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटींतून आपोआप चढत, पाणी वर येतं. कोरड्याठाक मातीत उत्तम वातही हतबल असते.

आता मिरची. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. बागेतली चिकण माती या कुंड्यांत नकोच, तिच्या बारीक छिद्रांत पाणी भरून राहतं आणि मुळं गुदमरतात. मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग कंपोस्ट आणि एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) घेते. परलाइट नसेल तर जाडी वाळू चालते, कुंडी जड होते इतकंच. शिवाय तुमच्या वर्णनावरून डब्याला जादा पाणी बाहेर जायचं भोक दिसत नाही. हे भोक डब्याच्या बाजूला, मातीच्या तळापासून बोटभर खाली हवंच. नाहीतर एका जोरदार पावसात टाकी काठोकाठ भरते आणि माती पाण्यात उभी राहते.

मोठ्या डब्याला वातीपेक्षा ‘पाय’ बरा. दह्याच्या कपाला चहूबाजूंनी भोकं पाडा, त्यात तेच मिश्रण दाबून भरा आणि तो मातीच्या तळातून खालच्या पाण्यात सोडा. टोमॅटोसारख्या तहानलेल्या झाडाला वात पुरी पडत नाही, हा पाय पुरतो.

पारदर्शक बाटलीत उजेड जातो आणि शेवाळ धरतं. बाहेरून रंग लावा, फक्त एक उभी पट्टी मोकळी ठेवा म्हणजे पाण्याची पातळी दिसते. डासांकडे मात्र अजिबात दुर्लक्ष नको. डेंग्यू पसरवणारा एडिस अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढलेले डास बाहेर पडतात. पाणी भरायची नळी आणि बाजूचं भोक, दोन्हींना बारीक जाळी घट्ट बांधा.

खाण्याची झाडं लावणार असाल तर खाद्यपदार्थांचेच डबे घ्या. कीटकनाशक, इंजिन ऑइल, ॲसिड यांचे डबे कितीही धुतले तरी नकोत. निवडुंग आणि मांसल पानांची झाडं यात लावू नका, त्यांना माती मधूनमधून पूर्ण सुकलेली लागते.

काही महिन्यांनी मातीवर पांढरा थर दिसेल. पाणी खालून वर येतं आणि क्षार वरच साठतात. टाकी वेगळी करून वरून भरपूर पाणी सोडा, खाली आलेलं फेकून द्या.

सध्याच्या मिरचीला आजच बाहेर काढा. काळी, मऊ मुळं कापा, पांढरी राहू द्या. नव्या मिश्रणात लावून टाकी रिकामीच ठेवा आणि वरची माती बोटभर सुकली की वरून थोडंसं पाणी द्या. नवी पालवी फुटली की टाकी भरायला हरकत नाही.