पतीसोबत जर्मनीला जात आहे. माझ्या अनुभवाला साजेसे सॉफ्टवेअरचे काम तिथे कसे मिळवावे?

तुम्ही लिहिले आहे की हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत सात वर्षे जावावर काम केल्यानंतर तुम्ही पतीच्या नोकरीमुळे श्टुटगार्टला निघाला आहात, पतीकडे ब्लू कार्ड (युरोपीय संघाबाहेरच्या उच्चशिक्षित कर्मचाऱ्यांना मिळणारा राहण्याचा व कामाचा परवाना) आहे, आणि तिथे आधी गेलेल्या ओळखीच्यांनी ‘आधी मिळेल ते काम धर, सॉफ्टवेअरचे नंतर बघू’ असा सल्ला दिला आहे. मी त्याच भागात काही वर्षे डेव्हलपर म्हणून काम केले, आता पुण्यात परतले आहे आणि तिथल्या एका टीमसाठी उमेदवारांच्या मुलाखती घेते. घरात पैशांची निकड नसेल तर तो सल्ला मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोदामात किंवा दुकानात घालवलेले वर्ष तुमच्या सात वर्षांत भर घालत नाही, उलट पुढच्या प्रत्येक मुलाखतीत त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते. मात्र तुमचा अनुभव तिथे आपोआप कोणी ओळखणार नाही. तुमची कंपनी, तुमचे पद, तुमचे कॉलेज ही नावे समोरच्याला काहीच सांगत नाहीत. अनोळखी माणसालाही समजेल अशा रीतीने तो मांडावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे साहित्य पुण्यात असतानाच गोळा करणे सोपे जाते.

कायद्याची बाजू तुमच्यासाठी सोपी आहे. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मनीत नोकरी करण्याची पूर्ण मुभा असते आणि जोडीदाराच्या व्हिसासाठी जर्मनची परीक्षाही सक्तीची नाही. सॉफ्टवेअरचे काम डॉक्टरकीसारखे परवान्याने बांधलेले नसल्यामुळे पदवीला सरकारी मान्यता मिळेपर्यंत थांबावे लागत नाही. ‘मला काम करण्याची परवानगी आहे, कंपनीला व्हिसासाठी काही करावे लागणार नाही’ ही माहिती बायोडेटाच्या अगदी वरच्या ओळींत द्या. पुण्याचा पत्ता आणि भारतीय पासपोर्ट पाहून पुष्कळ छोट्या कंपन्या व्हिसाच्या कटकटीच्या भीतीनेच अर्ज बाजूला ठेवतात.

आता कागदपत्रांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण या बाबतीत आपल्याकडच्या चांगल्या लोकांचेही नुकसान होताना मी पाहते. जर्मनीत नोकरी सोडताना ‘आर्बाइट्सत्सॉयग्निस’ नावाचे प्रशस्तिपत्र मिळते. त्यात माणसाने नेमके कोणते काम केले आणि ते कसे केले, याचे सविस्तर वर्णन असते, आणि कर्मचाऱ्याने तसे मागितल्यास ते देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तिथला व्यवस्थापक अर्जासोबत असे पत्र शोधतो. आपल्या रिलीव्हिंग लेटरमध्ये मात्र रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद आणि वर्तन समाधानकारक असल्याची एक ओळ एवढेच असते. एचआर विभाग आपला ठरलेला मसुदा बहुधा बदलत नाही. म्हणून नोटिस पिरियड सुरू असतानाच ज्या मॅनेजरने तुमचे काम जवळून पाहिले आहे, त्यांना भेटून एक पानाचे पत्र मागा, आणि कच्चा मसुदा स्वतः तयार करून न्या. लेटरहेडवर देता येत नसेल तर त्यांनी लिंक्डइनवर त्याच आशयाची शिफारस लिहिली तरी उपयोग होतो. परदेशात गेल्यावर ईमेलने हे पत्र मिळवणे फार जड जाते, कारण तोवर त्या मॅनेजरनीही बहुधा नोकरी बदललेली असते.

बायोडेटा दोन पानांचा असावा. माझ्याकडे पुण्यातून येणाऱ्या बायोडेटांत पहिले पान तंत्रज्ञानांच्या यादीने भरलेले असते आणि प्रत्येक प्रोजेक्टखाली ‘एन्हान्समेंट, बग फिक्सिंग, क्लायंटशी समन्वय’ अशी एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. त्यातून त्या व्यक्तीविषयी काहीच कळत नाही. त्या ओळीऐवजी असे वाक्य वाचले की मी थांबते: ‘विम्याच्या हप्त्यांचा हिशेब करणारा रात्रीचा बॅच जॉब (आपोआप चालणारे मोठे काम) ऑफिस उघडेपर्यंत संपत नसे, प्रत्येक पॉलिसीसाठी डेटाबेसकडे स्वतंत्र क्वेरी जात असल्याचे मी शोधले, त्या एकत्र केल्या, आणि जॉब पहाटेपूर्वी संपू लागला.’ यात अडचण आहे, कारण आहे आणि त्या व्यक्तीने स्वतः काय केले तेही आहे. मुलाखतीतही पुढचे सगळे प्रश्न इथूनच निघतात: दुसरा कोणता उपाय विचारात घेतला होता, तो का सोडला, चाचणी कशी केली. सात वर्षांत असे चार-पाच प्रसंग तुमच्याकडे नक्कीच असतील. ते आत्ताच, तपशील ताजे असताना, क्लायंटचे नाव आणि गोपनीय माहिती वगळून लिहून काढा. कंपनीचा कोड मात्र कोठेही सोबत नेऊ नका. कोड दाखवायचाच असेल तर स्वतःचा एखादा छोटा प्रकल्प किंवा एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात स्वीकारला गेलेला बदल गिटहबवर, म्हणजे कोड सर्वांना पाहता येईल अशा संकेतस्थळावर, असू द्या.

भाषेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण श्टुटगार्टसाठी तो प्रश्न टाळता येणार नाही. बर्लिनमधल्या अनेक स्टार्टअप कंपन्यांत इंग्रजीवर काम चालते. श्टुटगार्ट हा बॉश, मर्सिडीज आणि पोर्शे यांचा आणि त्यांना माल पुरवणाऱ्या असंख्य मध्यम कंपन्यांचा प्रदेश आहे, आणि तिथे कोड इंग्रजीत असला तरी ग्राहकाच्या गरजांवरची चर्चा जर्मनमध्येच होते. भाषेच्या ए१ ते सी२ या युरोपीय पातळ्यांपैकी बी१ ही मधली पातळी गाठली की अर्ज करता येतील अशा जागा लक्षणीय वाढतात, बी२ नंतर तर बहुतेक अडसर दूर होतो. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे वर्ग चालतात. या शहरासारखी जर्मन शिकण्याची सोय देशात फार थोड्या ठिकाणी आहे. तेव्हा निघेपर्यंतचे महिने त्यात घाला. तिथे गेल्यावर सरकारी अनुदानाच्या इंटिग्रेशन कोर्ससाठी, म्हणजे नव्याने आलेल्यांना भाषा आणि तिथले जीवन शिकवणाऱ्या वर्गासाठी, अर्ज करा. त्यात भाषेचे ६०० तास असतात. परंतु भाषा पूर्ण होईपर्यंत अर्ज थांबवू नका, दोन्ही बरोबरच चालू द्या.

अर्ज लिंक्डइन आणि स्टेपस्टोन या नोकरीच्या संकेतस्थळांवर करता येतात, आणि तिथे पोहोचल्यावर रोजगार कार्यालयात, म्हणजे आगेंटूर फ्युअर आर्बाइटमध्ये, नाव नोंदवता येते. त्याहून अधिक भरवसा मी जावा डेव्हलपरांच्या स्थानिक गटांच्या बैठकांवर ठेवते. तिथे ज्यांच्याशी तुमचे तांत्रिक बोलणे झाले, त्यांना तुमच्या जुन्या कंपनीचे नाव माहीत असण्याची गरज उरत नाही. पैसे घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या कन्सल्टंटांपासून दूर राहा, आणि अनुभव वाढवून लिहिण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. नोकरी मिळाल्यावर पहिले सहा महिने बहुधा प्रोबेशनचे असतात आणि त्या काळात नोटिस फक्त दोन आठवड्यांची असू शकते, हेही ध्यानात ठेवा.

अर्जातच अपेक्षित पगार विचारला जातो. तो वर्षाचा, कर कापण्यापूर्वीचा आकडा असतो. भारतातल्या पगाराला युरोत बदलून सांगू नका. त्या भागात त्या कामाला काय मिळते ते पाहून सांगा. आणि पतीशी करवर्गाविषयी, म्हणजे पगारातून दरमहा किती कर कापायचा हे ठरवणाऱ्या वर्गाविषयी, आधीच बोलून घ्या. त्यांनी वर्ग ३ घेतला की तुमच्या वाट्याला वर्ग ५ येतो आणि तुमच्या हाती दरमहा पडणारी रक्कम फारच कमी दिसते. वर्षअखेरीस दोघांचा कर एकत्रच मोजला जात असला, तरी बेकारी भत्ता आणि मूल झाल्यावर मिळणारा पालक भत्ता त्या निव्वळ रकमेवरून ठरतो, म्हणून दोघेही कमावणार असाल तर दोघांनी वर्ग ४ ठेवावा असे मी सुचवेन.