म्हातारपणी ‘अग्नी मंद’ होतो, म्हणजे आम्ल घटतं का?

प्रश्न असा आला आहे: अल्सर असलेल्या आजोबांबद्दल घरचे म्हणतात, ‘वयामुळे अग्नी मंद झालाय’, आणि डॉक्टर मात्र आम्ल कमी करायची गोळी देतात. मग जठरातलं आम्ल घटण्याला ‘मंदाग्नी’ म्हणावं का?

म्हणू नये. अग्नी म्हणजे भूक लागण्यापासून अन्न अंगी लागेपर्यंतची सगळी पचनशक्ती. आम्ल हा त्यातला एक रस. शिवाय म्हातारपणाची मंदाग्नीशी गाठ बोलण्यात पडली आहे, आयुर्वेदात नव्हे. तिथे अग्नी चार: सम, विषम, तीक्ष्ण, मंद. मंद कफामुळे, तीक्ष्ण पित्तामुळे, विषम वातामुळे. उतारवय वाताचं, तेव्हा त्या हिशोबाने आजोबांचा अग्नी विषम म्हणायचा, एक दिवस नीट पचवणारा आणि दुसऱ्या दिवशी रुसणारा.

‘वय वाढलं की आम्ल कमी’ असं आधुनिक वैद्यकातही बरीच वर्षं धरून चालत. पण जठराचं अस्तर धड असेल तर आम्ल सत्तरीनंतरही चांगलं टिकतं. घटतं ते मुख्यतः हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे अस्तर वर्षानुवर्षं सुजून झिजतं तेव्हा. (मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं ते याच जंतूसाठी.) सूज जठराच्या खालच्या टोकापुरती राहिली तर उलट आम्ल वाढतं आणि लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण होतो, वर पसरली तर आम्ल उतरतं, आणि व्रण जठरातच होऊ शकतो. म्हणजे अल्सरवाल्यांचं आम्ल जास्तही असतं, बेताचंही.

वयानुसार खरी उतरण लागते ती अस्तराच्या संरक्षणाला. आम्ल मारणारा क्षार आणि अस्तर सावरणारी द्रव्यं कमी पाझरतात, त्यात गुडघ्यांसाठी रोजच्या वेदनाशामक गोळ्या. अशा अस्तराला बेताचं आम्लही झोंबतं, म्हणून ती गोळी. उतारवयात पोट न दुखताच व्रणातून रक्त जाऊ शकतं, तेव्हा काळ्या शौचाला ‘मंदाग्नी’ म्हणून घरी बसू नये.

जठरातलं आम्ल घटण्याला ‘आम्लस्राव घटणे’ हा साधा शब्दप्रयोग पुरे. ‘पित्त कमी होणे’ही नको: आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो ते आम्ल, आणि वैद्यकातलं पित्त यकृतात तयार होणारं, क्षारधर्मी. आणि ‘पेप्टिक अल्सर’ला सरसकट ‘जठरव्रण’ म्हटलं की आतड्यातला व्रण बाहेरच राहतो. मी तर ‘पेप्टिक’ तसाच ठेवीन. ग्रीक असला तरी आपल्या ‘पच्’ धातूचाच तो भाऊबंद आहे.