घरोघरी स्टुडिओ न्यायचाय, कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू का?

‘सर, मी नाशिकच्या सिडकोत राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लोकांच्या घरी जाऊन पोर्ट्रेट काढायची आहेत. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा जुना कॅमेरा आहे. बाबा कर्ज काढून मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा घेऊन द्यायला तयार आहेत. घेऊ का?’

नको घेऊस. हप्ता सुरू झाला की पहिल्या महिन्यापासून कमवायची घाई होते आणि हे काम घाईत शिकता येत नाही. आहे तो कॅमेरा पुरेल. पैसे उजेडावर घाल: ट्रिगरसह (दुरून फ्लॅश उडवणारं यंत्र) एक फ्लॅश, एक स्टँड, उजेड मऊ करणारी एक पांढरी छत्री, घडीचा पडदा आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्स. स्टँड घडी करून स्कूटीवर मावेल असाच घे. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे लाकडी जिने अरुंद असतात, तिथे लांब बॅग वळतच नाही.

दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ५० एमएमने कमरेपर्यंतचा फोटो छान येतो. उभ्या माणसाला मात्र तेरा-चौदा फूट अंतर लागतं, तेव्हा कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्सच लाव. भिंत पिस्ता रंगाची असेल तर चेहऱ्यावर हिरवट झाक येते. त्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा कर. घरातले पिवळे दिवे बंद करायला सांग. शटरचा वेग १/२०० सेकंद ठेवलास की उरलासुरला उजेडही फोटोत फारसा उतरत नाही. पंखा बंद, आणि स्टँडच्या पायाला पाण्याची भरलेली बाटली बांधायची. घरात लहान मुलं धावत असतात, हे विसरू नकोस.

तुझं खरं गिऱ्हाईक म्हणजे स्टुडिओचा जिना न चढू शकणारे आजी-आजोबा आणि महिन्याभराची बाळंतीण. पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, डोहाळजेवण ही कामं ओळखीतूनच मिळतील. आगाऊ रक्कम घे, आणि फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी घरच्यांना विचार. उद्यमची, म्हणजे छोट्या व्यवसायाची नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस. आणि बी.कॉम. पूर्ण कर, हिशेब तुलाच ठेवायचाय.

येत्या रविवारी स्वतःच्या आजीला खुर्चीत बसव. चष्म्यात छत्री दिसली तर स्टँड वर आणि बाजूला सरकव, चष्म्याच्या काड्या कानावर जराशा उचल. काच स्वच्छ होऊन तिचे डोळे दिसेपर्यंत हलवत राहा. तो फोटो मला पाठव.